वेचणे

मराठीत 'वेचणे' हे क्रियापद दोन अर्थांनी येते. अंगणात पडलेली प्राजक्ताची फुले आपण वेचतो, तांदळातले खडे वेचतो, काढणी झाल्यावर शेतात मागे राहिलेल्या शेंगा वेचतो. आणि एखाद्या मोठ्या माणसाविषयी बोलताना आपण म्हणतो, त्यांनी सारे आयुष्य अमुक कामासाठी वेचले. एकीकडे गोळा करणे, दुसरीकडे खर्चून टाकणे. व्युत्पत्ती जाणणारे सांगतील की ही मुळात दोन निराळी क्रियापदे आहेत. खर्च या अर्थाचा 'वेच' तुकोबांच्या अभंगातही भेटतो, त्याचा फुले वेचण्याशी काही संबंध नाही. नसेलही. पण तीस वर्षे शाळेत मराठी शिकवताना हा शब्द फळ्यावर लिहायची वेळ आली की माझ्या मनात हटकून येशूचे एक वचन येई. जीव जपत बसणाऱ्याच्या हाती शेवटी काही उरत नाही आणि ज्याने तो खर्चून टाकला त्यालाच तो परत सापडतो, अशा आशयाचे. चारही शुभवर्तमानांत ते या ना त्या रूपाने आले आहे. शुभवर्तमान लिहिणाऱ्यांना जे सांगायला अख्खे वाक्य लागले, ते आपल्या भाषेने नकळत एका क्रियापदात ठेवून दिले आहे, असे मला वाटे.

संपादकांनी या अंकासाठी लिहायला सांगितले तेव्हा विषय देताना ते सहज म्हणाले, "बाई, तुमच्या श्रद्धेनं तुम्हाला काय दिलं, ते लिहा." हा प्रश्न जमाखर्चाचा आहे. जमेच्या बाजूला काय मांडले ते दाखवा, असे त्यात आहे. पण माझ्या श्रद्धेचा हिशेब असा दोन रकान्यांत बसत नाही. म्हणून उत्तर जरा लांबून द्यावे लागेल. त्यात माझ्यापेक्षा इतरांविषयीच अधिक येईल, कारण माझ्या आधी हा रस्ता तुडवलेली माणसे माझ्यापेक्षा फार मोठी आहेत आणि ती मराठी आहेत.

आमच्या घरात ख्रिस्ती धर्म पणजोबांच्या वेळी आला. त्यांना त्यासाठी काय सोसावे लागले असेल ते असो, मला तो घरातल्या पितळी भांड्यांसारखा वारशाने मिळाला. रविवारी देवळात जायचे (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो), पेटी-तबल्याच्या साथीवर टिळकांची भजने म्हणायची, नाताळात करंज्या-लाडू करून गल्लीभर ताटे पाठवायची, आणि दिवाळीत त्याच घरांतून आलेली ताटे रिकामी करून पुन्हा भरायची. शाळा, दोन मुली, घरचे येणे-जाणे. देव होता, पण तो घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखा. त्याचा आधार होता, पण त्याला कधी काही विचारावे लागले नव्हते. आयुष्याचा हेतू काय, हा प्रश्न सकाळी सव्वासातला शाळेची घंटा वाजणाऱ्या बाईला पडत नाही.

तो पडला तो नंतर. मी २०१५ साली निवृत्त झाले. २०१७ च्या पावसाळ्यात ह्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढची दोन वर्षे ते अंथरुणावर होते. मी प्रार्थना केली, मंडळीने केली, शेजारच्या काकूंनी आपल्या देवीला साडी बोलली. २०१९ च्या जूनमध्ये ते गेले. मुली आपापल्या संसारात, एक पुण्याला, एक बंगळूरला. घरात चार खोल्या आणि मी. भेटायला येणारी माणसे प्रेमाने म्हणत, "यामागं देवाची काहीतरी योजना असेल." त्यांचा हेतू चांगला होता. पण 'योजना' हा शब्द मला तेव्हा चपलेतल्या खड्यासारखा बोचत असे. माणसाने दोन वर्षे एका कुशीवर पडून राहावे, एक वाक्य धड बोलता येऊ नये, ही कसली योजना? पहाटे चारला जाग येई. ती त्यांचे औषध देण्याची वेळ होती. औषध संपले होते, जाग राहिली होती.

त्या पहाटे काढायला म्हणून मी कपाटातली जुनी पुस्तके काढली. सांत्वन शोधायला नव्हे, कारण सांत्वनाची पुस्तके मला वाचवत नव्हती. मी माणसे शोधत होते.

*

पहिले पुस्तक हाती आले ते बाबा पदमनजींचे 'अरुणोदय'. बाबा पदमनजी आपल्या बेळगावचे, हे आज फार थोड्यांना ठाऊक असते. जन्म १८३१, कासार जातीच्या धर्मनिष्ठ घरात. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० मध्ये बेळगावात आले होते. त्यांच्या आणि त्यांचे सहकारी बेनन यांच्या मिशन शाळेत बाबा शिकले, पुढे मुंबईला गेले. तिथे तरुण सुधारकांची परमहंस मंडळी निघाली होती. जातिभेद मोडायचा, पण गुप्तपणे, दारे लावून एकत्र जेवायचे, असा तिचा रिवाज. बाबा तिच्यातही वावरले.

दारे लावून सुधारक होता येते, हे त्यांना दिसले होते. म्हणूनच ३ सप्टेंबर १८५४ ही तारीख मला महत्त्वाची वाटते. त्या दिवशी बाबांनी बाप्तिस्मा घेतला तो मुंबईच्या गर्दीत नव्हे, बेळगावात. जिथे गल्लीतला प्रत्येक माणूस 'हा पदमनजींचा मुलगा' म्हणून ओळखतो, त्या गावात. घरच्यांशी ताटातूट झाली. तेवीस वर्षांच्या मुलाने आपले सगळे जग एका दिवसात खर्चून टाकले.

आणि हाती काय आले? तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतात. यमुना आणि तिचा नवरा प्रवासाला निघतात आणि गावोगावी विधवांची स्थिती पाहतात, एवढाच तिचा धागा. पुढे यमुनाच विधवा होते. कथा म्हणून ती आज थोडी भाबडी वाटेल. पण केशवपनाच्या न्हाव्यापुढे बसवलेल्या मुलींचे हुंदके मराठी गद्यात कुणी तरी पहिल्यांदा इतक्या जवळून ऐकले होते. ज्याला घराबाहेर व्हावे लागले त्याला घराच्या आतल्या कोपऱ्यात कोंडलेली माणसे दिसली. पुढे १८६३ मध्ये त्यांनी मोल्सवर्थच्या प्रचंड मराठी-इंग्रजी कोशाची सुटसुटीत आवृत्ती तयार केली. १९०६ साली मृत्यू येईपर्यंत त्यांच्या नावावर शंभराच्या वर लहानमोठी पुस्तके जमली होती.

आत्मचरित्राला त्यांनी 'अरुणोदय' हे नाव दिले, ते १८८८ साली, सत्तावन्नाव्या वर्षी. या वयात माणूस आपल्या आयुष्याला माध्यान्ह म्हणेल, सायंकाळ म्हणेल. बाबा म्हणतात, फटफटते आहे. सूर्य अजून यायचा आहे. मी त्या वेळी बासष्ट वर्षांची होते आणि माझा सूर्य मावळला असे समजून बसले होते. त्या नावाने मला थोडे सावरून बसवले.

*

रेव्हरंड नारायण वामन टिळक मराठी वाचकाला सांगायला नकोत. १८६१ चा जन्म, कोकणातल्या करजगावचा. १८९३ मध्ये नागपूरकडून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाशी गप्पा झाल्या आणि उतरताना त्याने हाती नवा करार दिला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. टिळक वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. म्हणजे मागचे काही जाळून ते आले नाहीत, ते सगळे घेऊनच आले. आमच्या देवळात पेटीवर अभंगाची चाल वाजते ती त्या पुलामुळे.

पण मला त्या पहाटेला टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंची सोबत अधिक झाली. 'स्मृतिचित्रे' मी शाळेत धडा म्हणून शिकवली होती. मुले हसत आणि मीही हसत असे. आता वाचताना हसू येत होतेच, पण त्याच्या तळाशी काय आहे ते दिसू लागले. मीठ-साखरसुद्धा धुऊन घेणाऱ्या सोवळ्याच्या घरात वाढलेली ही मुलगी. नवरा न सांगता-सवरता धर्म बदलतो आणि तिच्या पायाखालची जमीन जाते. ती वेडीपिशी होते, रडते, माहेरच्यांच्या आश्रयाला राहते. नंतर ती त्यांच्याकडे परत येते, पण धर्म वेगळा, चूल वेगळी. कुणी तिला ओढून नेले नाही. एक दिवस एकटीच बसलेली असताना तिला वाटले की ही उच्च-नीच जात देवाने केली नसावी, माणसाने केली. मग कुणाच्याही हातचे पाणी तिला चालू लागले. त्यानंतर, १९०० साली, तिचा बाप्तिस्मा. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, स्वतःच्या पायांनी चालत.

त्या बाईने पुढे काय केले ते पाहा. दुष्काळात अनाथ झालेली मुले तिच्या घरात वाढली. बालकवी ठोमऱ्यांसारख्या भरकटणाऱ्या मुलाला त्याच घराने माया लावली. टिळक १९१७ मध्ये मिशनच्या पगाराची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारायला निघाले तेव्हा घरखर्चाचे काय, हा प्रश्न तिच्याच पदरात पडला. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. त्यांनी १९०९ मध्ये आरंभलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी, साठांहून अधिक अध्याय लिहून. शाळेचे तोंड न पाहिलेली बाई, नवऱ्याने घरी जेमतेम अक्षरे गिरवून घेतलेली.

मी हा हिशेब कितीदा तरी मनात मांडला. नवऱ्याने अकरा लिहिले आणि तो गेला. बायको मागे राहिली आणि तिने साठ लिहिले. विधवा म्हणजे उरलेली, असे आपण धरून चालतो. उरलेल्या माणसाकडे मोठा वाटा शिल्लक असू शकतो, हे मला त्या आकड्यांनी शिकवले. सुमार कविता करण्याचेही अंग मला नाही. पण उरणे म्हणजे संपणे नव्हे, एवढे कळले.

*

तिसरे नाव पंडिता रमाबाईंचे. त्यांच्याविषयी मी भीत भीतच लिहिते, कारण तेवढी उंची नजरेत मावत नाही.

अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी १८५८ ची. वडील, आई, थोरली बहीण अशी घरातली तिघे जण सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात हाल होऊन गेली. भावाबरोबर ती पायी हिंदुस्थान फिरली. पुढे भाऊ गेला. १८८० मध्ये लग्न, १८८२ मध्ये वैधव्य, पदरी लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन. इथवर सगळ्यांना माहीत असते.

मला थांबवले ते त्यांच्या एका कबुलीने. बाप्तिस्म्यानंतर बऱ्याच वर्षांनी आपल्या साक्षीत त्या लिहितात की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. रमाबाईंसारख्या बाईने हे लिहावे! धर्म मिळणे आणि तो ज्याचा आहे तो मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला पितळी भांडी मिळाली होती. त्यांत पाणी होते का, हे कधी वाकून पाहिले गेले नव्हते, कारण तहानच लागली नव्हती.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे किड्यामुंग्यांसारखी मरत होती. रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन परतल्या. केडगावच्या माळावर 'मुक्ती' उभी राहिली. पुढे १९०० च्या दुष्काळात तिथली संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या, शेती केली, माग चालवले, छापखाना घातला. दुष्काळात उपाशी मरणारी माणसे म्हणजे काय, हे रमाबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. वीस वर्षांपूर्वी तिथे त्यांची आईच होती. त्या मुलींच्या चेहऱ्यांत त्यांना अनोळखी असे काही दिसले नसेल.

इथे माझ्या डोक्यात काहीतरी जाग्यावर बसले. आईचे मरण ही देवाने आखलेली योजना होती, असे म्हणायला माझी जीभ आजही रेटत नाही. पण ते मरण रमाबाईंनी वाया जाऊ दिले नाही. ते कामाला आले. देव दुःख पाठवतो की नाही, याचा निवाडा विद्वानांनी करावा. दुःख त्याच्या हाती दिले तर तो त्याचे काहीतरी करतो, एवढे मी या तिघांच्या आयुष्यांत पाहिले. घर सुटल्याचे दुःख कोंडलेल्या विधवांच्या कथेला लागले, विटाळाची भीती अनाथांच्या पंगतीला लागली, आईची उपासमार दोन हजारांच्या ताटाला लागली.

शेवटची काही वर्षे रमाबाई हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून साध्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर करीत होत्या. चार चौघींना, खेड्यातल्या बायकांना वाचता यावे म्हणून. ते मुक्तीतल्याच स्त्रियांनी जुळवले, छापले. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. ज्या मुलीच्या हाती सगळे सोपवायचे तीच गेली. रमाबाई भाषांतराच्या कामाला बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला तेव्हा ते काम हातावेगळे झाले होते. १९२४ मध्ये संपूर्ण ग्रंथ छापून आला. केडगावची मुक्ती आजही आहे.

*

इतकी मोठी माणसे सांगून झाल्यावर स्वतःविषयी लिहायला संकोच वाटतो. पण संपादकांचा प्रश्न मला होता, म्हणून लिहिते.

२०१९ च्या दसऱ्याच्या आसपास ह्यांची चाकांची खुर्ची आणि वॉकर एका दवाखान्यात देऊन टाकायला मी गेले. वस्तू देऊन परतताना बाकावर एक म्हातारी बसली होती. हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद, शेजारी मान टाकून बसलेला म्हातारा. मला पाहून म्हणाली, "बाई, ह्ये कागुद काय म्हंतंय, जरा बघता का?"

कागद कानडीत होता. माणसे चंदगडकडच्या खेड्यातली, मराठीशिवाय काही न येणारी. आपल्याकडे हे रोजचे आहे. चंदगड, खानापूरकडची माणसे दुखणे घेऊन बेळगावात येतात, आणि पाट्या, चिठ्ठ्या, खिडक्यांवरची सूचना यांच्यात हरवतात. यात कुणाचा दोष काढण्यासारखे काही नाही. सरहद्दीवर भाषा अशीच विभागलेली असते. मला कानडी लिहिता-वाचता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन वर्षे ह्यांना घेऊन फिरल्यामुळे नोंदणी कुठे, रक्त कुठे द्यायचे, कुठल्या तपासणीला उपाशी यायचे, औषधाच्या खिडकीशी कुठल्या वेळी गर्दी कमी, हे सगळे मला तोंडपाठ होते. मी त्या दोघांना घेऊन चार खिडक्या फिरले. दुपारचे दोन वाजले. म्हातारीने पिशवीतली भाकरी सोडली आणि अर्धी माझ्यापुढे धरली.

घरी येऊन झोपले ती पहाटे चारला जाग आली नाही.

पुढच्या मंगळवारी पुन्हा गेले. मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी. २०२० च्या टाळेबंदीत खंड पडला, २०२२ पासून पुन्हा चालू आहे. काम म्हणाल तर काही नाही. बाकावर बसायचे, ज्याच्या चेहऱ्यावर वाट हरवल्याचे दिसेल त्याच्याशी बोलायचे. चिठ्ठी वाचून दाखवायची. गोळी सकाळची कुठली, रात्रीची कुठली, हे पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून द्यायचे. रेशनकार्ड महाराष्ट्राचे, दवाखाना कर्नाटकाचा. कोणती योजना लागू, कोणती नाही, हे समजून घेता घेता कधी कधी सगळी सकाळ जाते. 'योजना' हा शब्द मला आता बोचत नाही. दिवसातून वीस वेळा तोंडात येतो आणि प्रत्येक वेळी त्याला दोन फोटो आणि एक झेरॉक्स लागते.

मला कुणी विचारते, "बाई, तुम्ही संस्थेतर्फे येता का?" नाही. "कुणी तुमचं पेशंट हाय का हितं?" नाही. एकदा खानापूरकडच्या एका आजोबांनी नीट न्याहाळून विचारले, "तुमी किरिस्ताव न्हवं? मग आमाला काय सांगत कसं न्हाई?" मी म्हटले, "आजोबा, खिडकी नंबर पाच डावीकडं, हे सांगितलं की." ते हसले. मीही हसले. पण त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे खरे उत्तर असे की मला जे सांगायचे आहे ते सांगायला याहून चांगली जागा मला सापडलेली नाही. प्रभूने शेवटच्या रात्री शिष्यांपुढे प्रवचन केले, त्याआधी कमरेला पंचा गुंडाळून त्यांचे पाय धुतले. क्रम तसा आहे.

मनःशांती मिळाली का, असे विचाराल तर काही दिवस मिळते, काही दिवस नाही. गेल्या पावसाळ्यात एक तरुण मुलगा वारला, त्याच्या आईला मी सात वेळा खिडकीवर नेले होते. त्या रात्री प्रार्थनेत मला शब्द सापडले नाहीत. श्रद्धा म्हणजे प्रश्न मिटणे असेल तर माझे मिटलेले नाहीत. पण बाप्तिस्म्याच्या, भजनांच्या, करंज्यांच्या त्या सगळ्या वर्षांत जो वडीलधारा घरात नुसता बसून होता, तो आता माझ्याबरोबर बाकावर येऊन बसतो, असे वाटते. कधी त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी असते. रमाबाई ज्याला ख्रिस्त मिळणे म्हणतात ते हेच का, हे मला ठामपणे सांगता येणार नाही. त्यांची उंची निराळी. पण तहान लागली आणि भांड्यात वाकून पाहिले तेव्हा तळाशी पाणी होते, एवढी साक्ष मी देऊ शकते.

जन्माचे सार्थक म्हणजे काहीतरी मोठे घडणे, असे आपल्या मनात असते. ज्यांचे घडले त्यांना ते घडताना तसे दिसलेही नसेल. बाबांपुढे एक हस्तलिखित होते, लक्ष्मीबाईंपुढे एक अपुरा अध्याय, रमाबाईंपुढे तपासायचे एक पान. हेतू हा शिखरासारखा दुरून दिसत नाही. हाताशी जे उरले आहे ते ज्याला हवे आहे त्याला देऊन टाकावे, आणि देता देता लक्षात यावे की आपण काहीतरी गोळा करतो आहोत. प्राजक्ताची फुले वेचायला माणसाला वाकावे लागते, एवढेच.

आमच्या गल्लीतली एक मुलगी यंदा आषाढापासून मंगळवारी माझ्याबरोबर येऊ लागली आहे. कॉलेजात शिकते. तिच्या घरी गणपती बसतो, माझ्या घरी नाताळचा तारा लागतो. तिचे कानडी माझ्यापेक्षा चांगले आहे आणि पायही. पहिल्या दिवशी ती माझ्यामागे फिरली, दुसऱ्या आठवड्यात माझ्यापुढे. गोळ्यांच्या पाकिटांवर ती चंद्राला डोळे आणि हसू काढते, ते बायकांना फार आवडते. तिने मला अजून काही विचारलेले नाही, मीही काही सांगितलेले नाही. नंबर पुकारला की ती उठते, म्हातारीचा हात धरते, आणि मी पिशवी सांभाळत मागून जाते.